पेन्सिलीतलं धुकं मळकट का होतं? (कान्हेरीचं चित्र, रोमँटिक धाटणीत)

रेघोटी:

नमस्कार मंडळी. कान्हेरीच्या वरच्या लेण्यांसमोरच्या कातळावरून दिसणारं दृश्य पेन्सिलीत करतेय. वळण जर्मन रोमँटिक चित्रकारांचं, म्हणजे कास्पार डाव्हिड फ्रीडरिशचं हवंय. उजवीकडे पुढे काळा कडा, त्यावर पाठमोरा छत्रीवाला माणूस, पलीकडे धुक्यात विरत गेलेल्या टेकड्यांच्या तीन रांगा. कागद ए३ आडवा, १६० जीएसएमचा (चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा किंचित खरबरीत कागद. पेन्सिली २एच, एचबी, २बी, ४बी आणि ८बी (एच कडक आणि फिकट, बी मऊ आणि गडद). धुक्यासाठी २एचचा हात फिरवून वर पेपर स्टंपने (छटा पसरवायच्या कागदी कांडीने) घासलं.

झालंय असं की धुकं ओल्या फडक्याने पुसलेल्या लादीसारखं दिसतंय. खोडरबर लावला की उजळायच्या ऐवजी चट्टे पडतात. टेकड्या पुठ्ठ्याच्या कापून एकामागे एक उभ्या केल्यासारख्या. पुढचा कडा ८बीने दाबून काळा केला, तो ट्यूबलाइटखाली चांदीसारखा चकाकतो. झाडं म्हणजे फ्लॉवरचे गड्डे. आणि माणूस वरून चिकटवलेला वाटतो. क्षितिज कागदाच्या खालच्या कडेपासून १७ सेंमीवर आहे, माणसाचे पाय ९ सेंमीवर, उंची ४ सेंमी.

यातलं काय दुरुस्त होईल आणि काय मुळातच चुकलंय? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

शिसपेन्सिल:

या कागदावरचं धुकं आता सुटणार नाही, नवा कागद घ्या. कारण स्टंप. कार्ट्रिजला बारीक उंचवटे आणि खळगे असतात. हलक्या हाताने पेन्सिल फिरवली की ग्राफाइट फक्त उंचवट्यांवर बसतं, खळग्यांतला पांढरा कागद मधूनमधून दिसत राहतो आणि डोळ्याला तोच उजेड वाटतो. स्टंपने (किंवा बोटाने, त्यात हाताचा तेलकटपणा आणखी) ते खळगे भरले की उजेड गेला. मग खोडरबर उंचवटे साफ करतो आणि खळगे तसेच राहतात. तेच तुमचे चट्टे.

धुकं म्हणजे कोरा ठेवलेला कागद. त्यामुळे त्याची जागा सगळ्यात आधी ठरवावी लागते. ६ × ८.५ सेंमीची चौकट घ्या, हे ए३चंच प्रमाण आहे. त्यात तीनच छटा वापरून पाच-सहा मांडण्या करा: कोरा कागद, मधला राखाडी, काळा. कोरा भाग एकसंध हवा आणि साधारण एक तृतीयांश जागा त्याला द्यायला कचरू नका. इथे तिथे विखुरलेल्या पांढऱ्या ठिपक्यांनी धुकं होत नाही. मांडणी भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बघा. तिथून कळली नाही तर मोठी करूनही कळणार नाही.

त्याच कागदाची पट्टी कापून तिच्यावर छटांची पाच घरं करा. १ कोरं, ५ सगळ्यात गडद. काम चालू असताना ही पट्टी चित्राला लावून तपासत राहायचं. सगळ्यात दूरच्या टेकडीला २च्या वर जाऊ देऊ नका आणि ५ नंबर फक्त कड्याच्या भेगांना. एकूण कागदाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त ५ झाला की चित्र कोळशाच्या पोत्यासारखं दिसायला लागतं. रोमँटिक म्हणजे काळोख हा गैरसमज छापील पुस्तकांतल्या गडद फोटोंमुळे होतो.

आता हात कसा चालवायचा. बाह्यरेषा एचबीने, जेमतेम दिसेल इतकी. २एचने रेषा मारू नका, ती कागदात चर पाडते आणि वरून मऊ पेन्सिल फिरवली की त्या चरावरून घसरून पांढरी रेघ उमटते. पेन्सिलीला ब्लेडने टोक काढा, शिसं दीड-दोन सेंमी उघडं ठेवा आणि पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करा. शार्पनरचं आखूड टोक अशा कामाला निरुपयोगी. छटा भरताना पेन्सिल तळहाताखाली आडवी धरायची, मनगट न हलवता कोपरातून हात चालवायचा. एक थर एका दिशेने, दुसरा थोडा तिरपा. दोन थरांत छटा आली नाही तर जोर वाढवू नका, पुढच्या, मऊ नंबरची पेन्सिल घ्या. दूरच्या रांगेला एच, मधलीला एचबी, जवळच्या रांगेला २बी. हाताखाली बटर पेपरचा तुकडा कायम.

टेकड्या पुठ्ठ्यासारख्या वाटतात कारण प्रत्येक टेकडी वरपासून खालपर्यंत एकाच छटेची आहे. माथ्याची कड त्यातल्या त्यात ठाम ठेवा, खाली येताना दोन-तीन सेंमीत जोर शून्यावर आणा आणि पुढच्या टेकडीच्या माथ्याआधी कागद कोरा सोडा. मागची टेकडी पुढचीच्या माथ्याला चिकटली की खोली संपलीच.

चुकून गडद झालं तर साधा खोडरबर घासायचा नाही. मळून वापरायचा रबर मिळतो, तो चपटा करून दाबायचा, उचलायचा, परत मळायचा.

काळवत्री:

शिसपेन्सिल यांच्याशी बाकी सगळं सहमत, पण टेकड्यांच्या बाबतीत एक मोठी दुरुस्ती. माथा ठाम आणि पायथा विरलेला हे हिवाळ्यातल्या पहाटेचं धुकं. ते जड असतं, दरीत साचतं. पावसाळ्यात बोरिवलीच्या डोंगरावर जे दिसतं ते खाली उतरलेले ढग असतात. तिथे माथा गायब आणि पायथ्याची झाडी स्वच्छ! रेघोटीताई, तुमच्या माणसाच्या हातात छत्री आहे, म्हणजे तुम्हाला उलटं करावं लागेल: खालची झाडी एचबीने ठाम, वर जाताना विरत नेऊन माथा कोऱ्या कागदात सोडायचा. दोन्ही प्रकार एकाच चित्रात आले तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे लगेच जाणवतं.

उजेडाचंही तेच. ढगाळ हवेत पडछाया नसते. माणसाच्या पायाशी लांब सावली काढली असेल तर खोडा. त्याऐवजी ओल्या कातळाकडे बघा. ओला दगड कोरड्यापेक्षा चांगला दोन घरं गडद असतो, पण त्याचे वर तोंड केलेले सपाट भाग आकाश परावर्तित करतात आणि जवळजवळ कोरे दिसतात. म्हणजे उभ्या बाजू ४-५, आडवे कंगोरे १-२. हा फरक पकडला की पाऊस वेगळा काढावा लागत नाही. तिरप्या रेघा मारून पाऊस दाखवणं तर नकोच.

कड्याच्या आकाराबद्दल. फ्रीडरिशचे सुळके ड्रेस्डेनजवळच्या एल्बे नदीकाठच्या वालुकाश्माचे आहेत, उभ्या भेगांनी चिरलेले, खांबांसारखे. आपला दगड बसाल्ट. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले, त्यामुळे त्याची मुख्य ओळ आडवी: पायरी, उतार, पुन्हा पायरी. कान्हेरीला तर त्यात माणसाने खोदलेल्या पायऱ्या आणि पाण्याच्या पोढी (खोदलेली टाकी) आहेत. आधी आडवे थर लावा, मग त्यांना छेदणारे पाण्याचे काळे उभे ओघळ. ओघळ वरून खाली एका दमात, वर गडद आणि खाली फिकट. जर्मन सुळका कान्हेरीत आणून बसवलात तर माणूसच काय, अख्खा कडा चिकटवलेला दिसेल.

झाडांचा गड्डा होतो कारण आपण पानं काढायला जातो. झाड म्हणजे आधी एक घुमट: वर उजळ, पोटात गडद. तो २बीच्या सपाट छटेने करा. मग फक्त कडेला चार-पाच ठिकाणी पानांचा आकार दाखवा, बाकी कड हरवू द्या. झाडाची जात त्या चार जागांवरून कळते. सागाचं पान ताटाएवढं, त्याची कड मोठ्या तुटक ठिगळांची. बांबूची कड खाली झुकलेल्या बारीक फटकाऱ्यांची. फांद्यांमधून दिसणारं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा एक घर गडद ठेवा, नाहीतर भोकं पाडल्यासारखी दिसतात.

फ्रीडरिशचे वाकडेतिकडे निष्पर्ण ओक हवे असतील तर पावसाळ्यात इथे निष्पर्ण काही मिळत नाही. पांगारा आणि सावर उघडे असतात ते फेब्रुवारी-मार्चात. पण कांडोळ बघा. खडकाळ उतारावर वाढतो, खोड पांढरंफटक, पावसात पाठीमागचा दगड काळा झाला की ते भुतासारखं पुढे येतं. खोड कोरं सोडायचं आणि भोवतालचा दगड भरायचा. इतकं रोमँटिक झाड घरच्या अंगणात असताना ओक कशाला?

जाता जाता: टेकड्यांमागे टॉवर दिसत असतील तर काढून टाका. फोटोशी इमान राखायची गरज नाही. ‘धुक्याच्या समुद्रावरचा भटका’ (साधारण १८१८, हॅम्बुर्गच्या कुन्स्टहालेत आहे) हे दृश्य कुठल्याच एका जागेवरून दिसत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी जागेवर केलेल्या पेन्सिलीच्या अभ्यासांतून दगड उचलून त्याने ते घरी जुळवलंय. प्रत्येक दगड मात्र खरा, बघून काढलेला.

एचबीच_बास:

टॉवर काढून टाकायला माझा विरोध. धुक्यात अर्धा विरलेला एखादा टॉवर भग्न अवशेषासारखाच दिसतो आणि चित्र आजच्या मुंबईचं राहतं. फक्त खिडक्या काढू नका. एचची सपाट छटा, एक कड हरवलेली, बस्स.

आणि इतक्या पेन्सिली कशाला? इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलच्या १८१३ आणि १८१४ सालच्या पेन्सिलीच्या वह्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत, तळहातावर मावतील एवढ्या. संस्थळावर पानं बघता येतात. बोटाएवढ्या जागेत आकाश, झाडं, नदी, गुरं सगळं आहे, आणि ते साधलंय हातातल्या जोराच्या फरकातून. आठवडाभर एकाच एचबीने वहीच्या पानावर काम करा, मग ए३ला हात घाला.

रेघोटी:

सगळ्यांचे आभार. ढग उतरतात की धुकं साचतं हा फरक लक्षातच आला नव्हता, फोटो जुलैचा आणि मनात जर्मनीचा हिवाळा अशी गल्लत झालीय. टॉवर तूर्त अर्धा विरलेला ठेवते.

दोन गोष्टी राहिल्या. कड्याची चकाकी आणि माणूस. शिवाय फिक्सेटिव्ह (छटा पुसू नयेत म्हणून मारायचा फवारा) आत्ता पावसात मारावं का? आधीच्या एका चित्रावर मारलं तर पांढुरका थर आला.

कागदवाला:

चकाकीचं कारण पेन्सिलीच्या घडणीतच आहे. ग्राफाइट आणि चिकणमाती मिसळून भाजायची पद्धत फ्रान्सच्या कोंतेने १७९५ साली पेटंट केली. युद्धामुळे इंग्लंडचं शुद्ध ग्राफाइट मिळेनासं झालं होतं. आजही नंबर म्हणजे त्याच मिश्रणाचं प्रमाण: माती जास्त तर एच, फिकट आणि मॅट, ग्राफाइट जास्त तर बी, गडद आणि चकाकणारी. ग्राफाइटचे कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात. ८बी दाबून फिरवली की ते सगळे एका पातळीत झोपतात आणि आरशासारखे वागतात. काळं करायला जोर लावाल तितकं ते समोरच्या उजेडात पांढरं दिसेल.

म्हणून ८बी बाजूला ठेवा. २बीचा थर, त्यावर तिरपा ४बीचा, त्यावर ६बीचा, तिन्ही टोकदार आणि तिन्ही हलके. प्रत्येक थराची दिशा वेगळी असली की कण एकाच बाजूला झोपत नाहीत. गडदावर परत एच-२एच फिरवून ‘गुळगुळीत’ करायचा मोह टाळा, त्याने पॉलिश होतं. सगळ्यात खोल भेगांसाठी कार्बन पेन्सिल किंवा मॅट ग्राफाइटची पेन्सिल घ्या, दोन्ही दादर-फोर्टच्या चित्रसाहित्याच्या दुकानांत मागितल्यावर मिळतात. पण कार्बन ग्राफाइटच्या गुळगुळीत थरावर बसत नाही, घसरतो. त्या भेगा सुरुवातीपासून कोऱ्या सोडून थेट कार्बनने भरायच्या.

कागद १६०चा चालेल, पण पावसाळ्यात नाही. जुलैत मुंबईच्या हवेतली आर्द्रता बऱ्याचदा ८० टक्क्यांच्या वर असते. पातळ कागद ती ओढून घेतो, फुगतो, लाटा येतात आणि पृष्ठभाग मऊ पडून साध्या जोरानेही चर पडतात. २०० जीएसएम किंवा जास्त घ्या, बारीक कणाचा. ब्रिस्टॉल कागद रेषेला झकास आहे, पण फार गुळगुळीत, मोठ्या काळ्या भागाला चकाकी येतेच. बजेट असेल तर ३०० जीएसएमचा हॉट प्रेस (दाबून सपाट केलेला) जलरंग कागद. बोर्डाला चारही बाजूंनी मास्किंग टेप लावा, नुसत्या वरच्या दोन क्लिपा पुरत नाहीत. न वापरलेले कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आडवे ठेवा. गुंडाळी करून कपाटावर ठेवलेल्या कागदाला सप्टेंबरपर्यंत बुरशीचे तपकिरी ठिपके येतात आणि ते नंतर निघत नाहीत.

पांढुरका थर हवेतल्या ओलाव्याने आला. फवाऱ्यातला द्राव झटकन उडतो, कागद थंड पडतो, आणि हवेतलं पाणी ओल्या थरात अडकतं. पावसाची उघडीप असेल, ऊन असेल अशा दुपारी मारा, किंवा खोलीत तासभर एसी चालवून कोरडी झाल्यावर. ३० सेंमी लांबून, फवारा कागदाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. तीन अगदी पातळ हात, दोन हातांमध्ये १०-१५ मिनिटं थांबून. खिडकी उघडी, गॅस आणि देवघरातला दिवा बंद. आधी छटांच्या पट्टीवर करून बघा, कारण सगळं किंचित गडद होतं आणि नंतर खोडता येत नाही. हेअर स्प्रे वापरू नका, पुढे पिवळा पडतो.

काचेत लावणार असाल तर कागद काचेला टेकता कामा नये, मध्ये माउंट बोर्ड हवाच, आम्लविरहित मागा. आणि ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगायचं नाही. आपल्याकडे पश्चिमेच्या भिंती बहुतेक त्याच.

काळवत्री:

माणसाचं गणित सोपं आहे. आपण उभ्या असलेल्या पातळीवरच जर तो उभा असेल, तर कितीही दूर असो, क्षितिजरेषा त्याच्या डोळ्यांतून जाते. तुमचं क्षितिज १७वर, पाय ९वर, म्हणजे पायापासून डोळ्यांपर्यंत ८ सेंमी हवेत. डोळे जमिनीपासून दीड मीटर आणि उंची १.६ मीटर धरली तर तो साडेआठ सेंमीचा भरतो. तुम्ही ४चा काढलाय. म्हणून एकतर तो लहान मूल वाटतो, नाहीतर पावणेदोन मीटर खाली, खड्ड्यात उभा आहे.

तीन वाटा आहेत. साडेआठचा करा, मग चित्र त्याच्याबद्दलचं होईल, ‘भटक्या’सारखं. दुसरी, ३ सेंमीचा ठेवून पाय १४.२वर न्या, म्हणजे तो त्याच कातळावर पण दूरच्या टोकाला जाईल. तिसरी, ३ सेंमीचाच, पण एक पुरुषभर खालच्या पायरीवर. मग पाय ११.२वर येतात आणि क्षितिज त्याच्या डोक्यावरून बरंच वर राहतं. मला तिसरी आवडेल. कान्हेरीला पायऱ्या आहेतच आणि माणूस दृश्यात बुडालेला दिसतो. फ्रीडरिशच्याच ‘समुद्रकाठच्या भिक्षू’त (१८०८-१०, बर्लिन) माणूस असाच नखाएवढा आहे.

ढगांत क्षितिज दिसत नाही, तेव्हा ते शोधायला अर्धी भरलेली पारदर्शक बाटली डोळ्यांसमोर धरा. वरखाली करत पाण्याचा पृष्ठभाग जेव्हा पसरट न दिसता एक रेघ दिसेल, तेव्हा त्या रेघेच्या मागे जे आहे ते क्षितिजाच्या पातळीवर. तिथली एखादी खूण वहीत टिपून ठेवा. फोटोवरून क्षितिज ओळखायला गेलात तर कॅमेरा वर-खाली झुकलेला असतो, फसाल.

चिकटवलेपणा घालवायला दोन गोष्टी. माणसाभोवती सलग बाह्यरेषा नको. छत्रीची वरची कड ओली, उजळ, तिथे रेषा तोडा. आणि पायांखाली रेघ मारून त्याला उभा करू नका. ओल्या कातळात त्याचं धूसर उभं प्रतिबिंब सोडा, पायांच्या रुंदीएवढंच, सेंमीभर खाली विरणारं. छत्रीचा काळा रंग चित्रात आणखी एका जागी, जवळच्या भेगेत, परत यायला हवा.

रेघोटी:

म्हणजे माझा माणूस खरंच खड्ड्यात उभा होता! तिसरी वाट घेते. बाटली घेऊन सोमवारी जाऊन येते.

एचबीच_बास:

कान्हेरी ज्यात आहे ते बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. मंगळवारी सकाळी जा, आणि बाटली पाण्याची म्हणून नेताय तर पुरी भरून न्या, वर पोचेपर्यंत आपोआप अर्धी होते.